विचारायला आलेली जीप

आमच्या गावात पीक चांगलं आलंय असं कबूल करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. परतूरच्या मोंढ्याकडं कापसाची गाडी घेऊन निघालेल्याला विचारा, "कसंय यंदा?" तो म्हणणार, "कशाचं काय, बोंडच न्हाई धरलं." गाडीतला कापूस दोन्ही बाजूंनी उतू चाललेला असतो, बैलांना चढ चढवत नसतो, तरी बोंड धरलेलं नसतंच. विचारणाराही मान हलवून "खरंय बाबा" म्हणतो आणि दोघं आपापल्या वाटेला लागतात. यात कुणी कुणाला फसवत नाही. चांगलं तोंडानं बोललं की ते हातचं जातं, एवढंच यामागचं शास्त्र. लेकरू गुटगुटीत असलं तर "किती वाळलंय" म्हणायचं, सून गुणाची असली तर "चालतंय कसंबसं" म्हणायचं. ऐकणारानं ते मनातल्या मनात उलटं करून घ्यायचं. मला या रीतीचा लहानपणापासून राग येत आला आहे. पण तो नुसता राग होता तोवर बरं होतं.

माझी माय या विद्येत गावात सगळ्यांच्या पुढं होती. त्याला कारण होतं. दादाच्या आधीची तिची दोन लेकरं गेली होती. पहिल्याला बारशाच्या दिवशी कुणीतरी पाहुणी "राजबिंडं आहे गं" म्हणाली होती, आणि तो पावसाळा संपायच्या आत ते लेकरू गेलं. दुसरं तर बोलायच्या आधीच गेलं. तिसरा दादा, आणि बऱ्याच वर्षांनी मी. दादाला तिनं कधी चांगलं म्हटलं नाही. गोरापान पोरगा, त्याला ती 'काळ्या' म्हणून हाक मारायची. तो सैनिकी शाळेच्या परीक्षेत निवडला गेला तेव्हा ती शेजारणींना सांगत होती, "घरी कामाचा न्हाई, म्हणून पाठवून राह्यलो." पुढं तो हवाई दलात लढाऊ विमान चालवायला लागला, तर म्हणे, "डायवर हाय कसलातरी."

ऐंशीच्या दशकाची नुकती सुरुवात झाली होती. मी जालन्याला वसतिगृहात राहून शिक्षिका होण्याचं शिकत होते. दादा रामनवमीच्या सुमारास सुट्टीवर आला आणि त्यानं एका संध्याकाळी विहिरीवर मला आणि नानांना, म्हणजे आमच्या वडिलांना, एक गोष्ट सांगितली. रशिया आपल्या यानातून एका भारतीयाला अंतराळात नेणार होता. तो माणूस वैमानिकांमधून निवडायचा होता. आधी पुष्कळ जण होते, तपासण्या होता होता मूठभर उरले होते, आणि त्या मुठीत दादा होता.

नानांनी घराच्या दिशेनं पाहिलं. मग म्हणाले, "तुझ्या मायला सांगू नको."

"नाही सांगत. मोठ्या विमानाची परीक्षा आहे म्हणतो."

तपासण्यांबद्दल मी खोदून खोदून विचारलं. रक्त, लघवी, कान, दात, हाडं हे तर होतंच. गरम खोलीत बसवून ठेवायचे. डोकं खाली, पाय वर अशा पलंगावर झोपवायचे, कारण वर गेल्यावर अंगातलं रक्त डोक्याकडं धावतं. एकट्याला आवाज नसलेल्या खोलीत कोंडायचे आणि माणूस काय करतो ते बाहेरून बघायचे. पण दादाला धास्ती होती ती खुर्चीची. डोळ्यांवर पट्टी बांधून खुर्चीत बसवतात, खुर्ची गरागरा फिरवतात आणि फिरता फिरता मान इकडं तिकडं करायला सांगतात. भलेभले तिथं ओकतात.

मी म्हटलं, "तू तर विमान उलटंपालटं करतोस. तुला कसली भीती?"

"विमान माझ्या हातात असतं. खुर्ची दुसऱ्याच्या हातात असते," तो म्हणाला. "आणि वर गेल्यावर वर-खाली असं काही राहतच नाही. डोळा एक सांगतो, कान दुसरंच. धडधाकट माणूस दिवसचे दिवस उलट्या करतो. तिथं कुणाला घेरी आली तर त्याला उतरवून घ्यायला मध्ये स्टेशन नाही."

त्या खुर्चीचा सराव करायला आमच्याकडं काय होतं? जांबची जत्रा होती. रामनवमीला आम्ही सगळे एसटीनं जांब समर्थला दर्शनाला गेलो. माय आणि शेजारची काकू देवळात रांगेला लागल्या आणि दादा मला घेऊन सरळ लाकडी घोड्यांच्या गोल पाळण्याकडं गेला. पाळणेवाल्याला पैसे देऊन एका घोड्यावर बसला, गुडघे हनुवटीला लागत होते. डोळ्यांवर उपरणं बांधलं. म्हणाला, "फिरव जोरात, मी सांगेपर्यंत थांबू नको." आणि तो गडी फिरायला लागला, मान डावीकडं, मान उजवीकडं. भोवती ही गर्दी जमली. कुणी म्हणालं डोकं फिरलंय, कुणी म्हणालं नवस असंल. मग कुणीतरी ओळखलं. "अरे, हा तर विमानवाला. काय उंचापुरा गडी हाय!" "काय छाती हाय!" अशी स्तुती दोन्ही बाजूंनी सुरू झाली, आणि नेमकी तेव्हाच माय देवळातून बाहेर आली.

पाळणा थांबला. दादानं उपरणं सोडलं आणि धुळीत सुतासारखा सरळ चालत माझ्यापर्यंत आला. पाय जराही वाकडा पडला नाही. मला इतका अभिमान वाटला की मी टाळ्याच वाजवल्या. मायनं माझ्या हातावर चापट मारली, दादाचा दंड धरला आणि त्याला गर्दीतून ओढून नेलं.

घरी आल्यावर तिनं मीठ, मोहरी आणि मूठभर लाल मिरच्या त्याच्यावरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. मिरच्या जळल्या, पण ठसका कुणालाच लागला नाही. आमच्याकडं ठसका लागला तर काही नाही, आणि ठसका नाही लागला तर दृष्ट लागलेलीच.

"पाह्यलं का?" माय म्हणाली. "एवढ्या मिरच्या आन ठसका न्हाई. लागलीच होती."

मी म्हटलं, "माय, मिरच्या जुन्या होत्या." तिनं माझ्याकडं अशी नजर टाकली की मी ताट घेऊन उठले.

दादा परत गेला. वैशाखात मी शनिवारी जालन्याहून घरी आले, तर मायचा चेहरा नेहमीपेक्षा उजळ होता. भाकरी वाढता वाढता तिनं सांगितलं, "जीप आल्ती. आपल्या काळ्याचं विचारायला."

नाना त्या दिवशी ज्वारी घेऊन मोंढ्यावर गेलेले. घरी माय आणि काकू. जीपमधून एक डॉक्टर आणि वर्दीतला एक माणूस उतरला. शहरातल्या मुलांचे जन्मल्यापासूनच्या आजारांचे कागद असतात. आमच्या दादाचा असा एकही कागद नव्हता, जे काही होतं ते मायच्या डोक्यात. म्हणून ते तिला विचारायला आले होते. लहानपणी कधी बेशुद्ध पडला का, घेरी यायची का, झटके यायचे का. मायला हिंदी बरी यायची, तिच्या माहेरी निजामाच्या वेळची बोली अजून चालत होती.

"मंग तू काय सांगितलं?"

"काय सांगायचं? म्हणलं, बचपन से कमजोर है साब. चक्कर खाके गिरता था, हमेशा." तिनं भाकरी माझ्या ताटात टाकली. "त्यांनी बराबर लिहून घेतलं. आता कोणाची नजर लागती पाहू."

काकू उंबऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "तुझी माय लई हुशार. मला तर सुचलंच नसतं."

गावातल्या कुणाही माणसानं ते ऐकलं असतं तर पोरगा लोखंडासारखा आहे असं समजून तो चहा पिऊन गेला असता. पण ते गावातले नव्हते. माझा घास हातातच राहिला. मी मायला काही बोलणार, तेवढ्यात नाना आत आले, आणि मी त्यांना बाहेर अंगणात नेऊन सांगितलं. त्यांनाही पटायला वेळ लागला.

"त्यांना कळलं नसंल का, बाई माणूस आसंच म्हणती म्हणून?"

"नाही कळणार नाना. त्यांच्याकडं माणूस आजारी म्हणाला की तो आजारीच असतो."

सोमवारी आम्ही दोघं परतूरच्या पोस्टात बसून राहिलो. दुपार कलल्यावर फोन लागला. नानांनी सगळं सांगितलं. पलीकडून दादाचं हसणं मलासुद्धा ऐकू आलं. मग ते हसणं थांबलं. मग नाना नुसतेच "हां, हां" करत राहिले. फोन ठेवून म्हणाले, "तो म्हणतो, मी बघतो. मायला काही बोलू नका."

उन्हाळा गेला, पेरण्या झाल्या. दोन नावं जाहीर झाली, त्यात दादाचं नव्हतं.

दिवाळीत तो आला तेव्हा मी त्याला शेतात गाठलं. त्यानं डॉक्टरांना समजावून सांगितलं होतं. आमच्याकडं असं बोलायची रीत आहे, आई दृष्टीला भिते, वगैरे. डॉक्टर भला माणूस होता, त्यानं सगळं ऐकून घेतलं. "मग तुझी आई सरकारी माणसाशी खोटं बोलली असं लिहू का?" त्यानं विचारलं. दादा म्हणाला, खोटं नाही, ते तसंच बोलायचं असतं. डॉक्टर म्हणाला, समजलं.

"मग?"

"मग काही नाही. कारण कुणालाच सांगत नाहीत. कदाचित तेच असेल, कदाचित दुसरंच काही असेल."

"तू भांडला का नाहीस?"

त्यानं कापसाचं एक बोंड तोडलं आणि उगाच सोलत राहिला. "त्याच्या जागी मी असतो तर मीही काढलं असतं. सगळे सारखेच तयारीचे. एकाच्या आईनं म्हटलंय घेरी यायची, दुसऱ्याच्या आईनं नाही म्हटलं. तू कुणाला पाठवशील?"

मी त्याच्या हातातलं सोललेलं बोंड काढून घेतलं. 

संध्याकाळी मायनं विचारलं, "मोठ्या विमानाचं काय झालं रे?" दादानं क्षणभरही न घुटमळता सांगितलं, "दातामुळं राहिलं, माय. दाढ किडकी निघाली. तिथं हवेचा दाब कमी-जास्त झाला की किडकी दाढ मस्तकात जाते. नाही चालत." नाना खाली बघत होते. मी पण "हो ना" म्हणाले. मायनं आम्हा तिघांकडं एकेक करून पाहिलं आणि म्हणाली, "गूळ लई खायचास."

तेव्हापासून आमच्या घरात दातांची मोहीम सुरू झाली. सकाळी कडुलिंबाची काडी, रात्री मिठानं चूळ. दादाची मुलगी, काकूची नातवंडं, पुढं माझी मुलं, सगळ्यांची तोंडं ती उघडायला लावून बघायची. पेरूच्या झाडाखाली रांग लावून उभी करायची. आम्ही मागं हसायचो. दादा म्हणायचा, माझ्या एका दाढेनं केवढं पुण्य केलं.

जीप येऊन गेल्याला दोन वर्षं होत आली तेव्हा तो दिवस आला. आपला माणूस वर गेला. चावडीवरच्या रेडिओभोवती सगळा गाव जमला होता, मायसुद्धा पदर घेऊन मागं उभी होती. वरून त्याचा आवाज आला तेव्हा लोक टाळ्या वाजवायला लागले. दादा तेव्हा दूर कुठल्यातरी तळावर होता. पुढं तो कधी त्या उडालेल्याबद्दल फार बोलला नाही, बोलायचा तो निवडलेल्या दोघांतल्या दुसऱ्याबद्दल, जो सगळं शिकून, सगळं सोसून, रशियन भाषासुद्धा शिकून खाली राहिला. म्हणायचा, "त्याला विचारायला कुणी जात नाही." मला वाटायचं, तो स्वतःबद्दलच बोलतोय.

चावडीवरून घरी येताना माय मला म्हणाली, "त्याच्या मायला विचारायला आल्ते का गं कोणी?"

"कुणाच्या?"

"त्या वर गेलेल्याच्या."

मी म्हटलं, "आले असतील. पण त्याचे दात चांगले होते."  वाटेत काकू भेटली, तिच्याशी ती जनावरांच्या चाऱ्याचं बोलत बसली. मीही विसरून गेले.

वर्षं गेली. मी जालन्याजवळच्या शाळेत शिकवायला लागले. माझ्यातही ती खोड उतरलेलीच. एखाद्या पोरीनं गणित झटकन सोडवलं की "शाब्बास" ओठांवर यायचं आणि बाहेर पडायचं "अक्षर बघ जरा." मग मी स्वतःला दटावून तिला परत बोलवायचे आणि शाब्बास म्हणायचे. नाना गेले. दादा निवृत्त झाला, परतूरला घर बांधलं, मायला तिथं आणलं. ती वाकली होती, पण डोकं शाबूत होतं. दादाला गावातले लोक अजून विमानवाले म्हणत. अंतराळाचं कुणाला माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं त्यांनी विषय काढायचा नाही असंच ठरून गेलेलं.

दोन हजारनंतरची गोष्ट. दादाच्या मुलीला शिकायला परदेशी जायचं होतं आणि पासपोर्टच्या चौकशीला ठाण्यातून एक हवालदार घरी आला. रविवार होता, म्हणून मीही आले होते. साधा, वयस्कर माणूस. पोरगी इथंच राहते का, काही केस वगैरे नाही ना, शेजारी कोण, एवढंच विचारायचं होतं. वहिनी चहाला गेली. तेवढ्यात माय भिंतीला धरून बाहेर आली. धुवट लुगडं नेसून, पदर नीट घेऊन. खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "काय विचारायचं ते मला विचारा. मी आजी हाय."

हवालदार हसला. "पोरीचं विचारून राह्यलो, आजी. काही भानगड न्हाई ना?"

"पोरगी बिलकुल ठणठणीत हाय," माय म्हणाली. "लई हुशार, लई गुणाची. कधी ताप न्हाई, कधी घेरी न्हाई. घ्या लिहून."

मी आणि दादानं एकमेकांकडं पाहिलं. पन्नास वर्षांत या तोंडातून असं वाक्य आम्ही ऐकलं नव्हतं. हवालदारानं मान डोलावली आणि कागद घडी घालायला लागला. मायनं हात पुढं केला.

"थांबा. आजून एक हाय. मागच्या येळंला जीप आल्ती, हिच्या बापाचं विचारायला. तवा मी खोटं सांगितलं. तो कधी पडला न्हाई. त्याला कधी चक्कर आली न्हाई. लोखंडासारखा पोरगा होता माझा. त्याच्यासारखा पोरगा पंचक्रोशीत नव्हता. तेवढं खोडून टाका."

हवालदाराला काही समजेना. तो दादाकडं बघायला लागला. "आजी, ते माझ्याकडं न्हाई. कोणती जीप?"

"मंग कोणाकडं हाय?" माय म्हणाली. "इतकी वर्सं झाली, परत कोणी विचारायलाच आलं न्हाई."

दादा उठून तिच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसला. म्हणाला, "माय, तसं नाही. ते दाढेमुळं..."

"तुझी एक बी दाढ किडकी न्हाई," ती म्हणाली. "तवाबी नव्हती, आताबी न्हाई. तू दिवाळीत झोपलास तवाच मी पाह्यलं तुझ्या तोंडात."

वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. हवालदार बिचारा कुठंही बघेना. मला आठवलं, पेरूखाली तोंड उघडून उभी राहिलेली आमची पोरं, कडुलिंबाच्या काड्या, आणि आम्हा मोठ्यांचं मागं हसणं. ती आमच्या थापेला जपत होती. आम्ही तिला दुखवू नये म्हणून गप्प राहिलो, आणि आमचं गप्प राहणं वाया जाऊ नये म्हणून ती गप्प राहिली. तिला कुणी दोषच दिला नाही, त्यामुळं तिला कधी माफी मागता आली नाही. सगळ्या घरानं मिळून तिला एकटं टाकलं, तेही मायेनं. याचं मला जितकं वाईट वाटतं तितकं दादाच्या हुकलेल्या अंतराळाचंही वाटत नाही.

दादा हवालदाराला म्हणाला, "लिहून घ्या साहेब."  हवालदारानं खिशातून एक कोरा कागद काढला, मायनं पुन्हा सगळं सांगितलं, त्यानं लिहिलं, वाचून दाखवलं. माय म्हणाली, "बराबर." तो चहा पिऊन गेला. त्या कागदाचं त्यानं पुढं काय केलं असेल, देव जाणे.

तो गेल्यावर मायची चलबिचल सुरू झाली. एवढं चांगलं बोलली होती, भर दुपारी, परक्या माणसासमोर, लेकाबद्दल आणि नातीबद्दल. वहिनीकडून मीठ-मोहरी मागवली, मिरच्या मागवल्या. नातीची उतरवून झाली. मग दादाला म्हणाली, "बस."

केस पिकलेला, निवृत्त झालेला माझा भाऊ पाटावर मांडी घालून बसला आणि त्यानं डोळे मिटून घेतले. मायनं त्याच्याभोवती हात फिरवायचा तसा पुरता फिरवला. वहिनीनं गॅसवर तवा ठेवला आणि माझ्या हातून मिरच्या त्यात पडल्या.

असा ठसका उठला की सांगता सोय नाही. दादा खोकायला लागला, पोरगी खोकत अंगणात पळाली, वहिनीनं खिडक्या उघडल्या. सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि बरंच झालं, कोण कशासाठी पुसतंय ते कुणाला विचारावं लागलं नाही.

माय धुरातच उभी होती. पदर तोंडाला लावून खोकली, मग पदर काढून तव्याकडं बघत राहिली.

"न्हाई लागली," ती म्हणाली. "म्हंजी तवा खरं सांगितलं असतं तरीबी लागली नसती."

दादानं उठून गॅस बंद केला.